आलपिनमधली खोटी पिन

लग्न होऊन आई नागपूरच्या महाल भागातून भिलाईला आली ती १९६९ साली. बाबा स्टील प्लांटमध्ये, राहायला सेक्टरमधलं क्वार्टर, एका बाजूला तेलुगू शेजार, दुसऱ्या बाजूला बंगाली. पहिल्याच महिन्यात ती ब्लाउज बेतायला बसली आणि लक्षात आलं की टाचण्या माहेरीच राहिल्या. सुपेल्याच्या बाजारात जाऊन तिनं टाचण्या मागितल्या. दुकानदारानं आधी टिकल्यांची पाकिटं काढली, मग दोऱ्याची रिळं. शेवटी आईनं पदराचं टोक चिमटीत धरून टोचल्यासारखं करून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "अच्छा, आलपिन! ऐसा बोलो ना बहनजी."

घरी येऊन तिनं बाबांना सांगितलं, "इथल्या लोकांचं इंग्रजी भलतंच. साध्या टाचणीला ऑल-पिन म्हणतात." तिनं त्याचा अर्थही लावून टाकला होता. केसांची ती हेअरपिन, बाळाच्या लंगोटाची ती सेफ्टी पिन आणि सगळ्या कामांना चालते ती ऑल-पिन. ही व्युत्पत्ती आमच्या घरात तीसेक वर्षं सुखानं नांदली. मीही ती वर्गात मैत्रिणींना ऐटीत सांगितली होती.

ती साफ चुकीची आहे. आलपिन शब्दाचा इंग्रजीशी जन्मसंबंध नाही. तो पोर्तुगीज आहे. पोर्तुगीज भाषेत टाचणीला 'अल्फिनेत' म्हणतात, त्याचं हिंदीत आलपिन झालं. शेवटची 'पिन' तिथं ऐसपैस बसलेली दिसते ती जवळपास इंग्रजी पिन आली म्हणून. कानाला ओळखीचा आवाज मिळाला की तोंड शब्दाला तिकडे वळवून घेतं. आणि पोर्तुगिजांचाही तो घरचा नव्हे. स्पेन-पोर्तुगालवर अरबी राज्य होतं त्या काळात अरबीतल्या 'अल-खिलाल'वरून तो आला. खिलाल म्हणजे टोचायची काडी, दात कोरायची सुद्धा. सुरुवातीचा 'अल' हा अरबी भाषेचा नामाला लागणारा उपसर्ग, अल्जिब्रा आणि अल्कोहोल यांच्या तोंडाशी असतो तोच. म्हणजे आईनं ज्याला 'ऑल' समजून इंग्रजी ठरवलं तो अरबी निघाला, आणि जिला 'पिन' समजलं ती मुळात पिन नव्हतीच.

इथं एक सावधगिरी. आलपिनमधला 'अल' अरबी म्हणून हिंदीतल्या अलमारीतलाही अरबी असेल असं वाटेल. पण अलमारी पोर्तुगीज 'आर्मारियो'वरून आली, आणि ती थेट लॅटिनची लेक. शब्दांच्या बाबतीत चेहरापट्टीवरून नातं जुळवायला गेलं की हमखास फसायला होतं. आई कुठलंही शिवलेलं कापड घेताना आधी उलटं करून आतली शिलाई बघते. शब्दांचंही मी तेच करायला शिकले, जरा उशिरा.

गंमत अशी की गोवा मराठीच्या अंगणात, आणि पोर्तुगीज टाचणी बोलली जाते ती समुद्रापासून शेकडो कोस आत, छत्तीसगडात. पण म्हणून मराठीनं पोर्तुगिजांकडून काही घेतलंच नाही असं समजायला नको. शिंप्याच्या टेबलावर नजर टाकली तरी पुरे. फीत पोर्तुगीज आहे. इस्त्री पोर्तुगीज आहे. आणि काज-बटणातलं काज? पोर्तुगीज भाषेत 'काझा' म्हणजे घर, आणि बटण अडकवायच्या भोकालाही काझाच म्हणतात. बटणाचं घर! काजं करणाऱ्या बाया दिवसभर बटणांना घरं बांधून देत असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

टाचणी मात्र अस्सल आपली, आणि ती क्रियापदाच्या पोटी जन्मलेली. टाचणे म्हणजे तात्पुरतं जोडून ठेवणे. पक्कं मग करू. त्यातूनच टाचण आलं. महाराष्ट्रातल्या शाळांत मास्तर-बाई आजही पाठाचं टाचण काढतात. व्याख्यानापूर्वी चार मुद्दे खरडून घेतले की तेही टाचण. कागद टोचलेला असो वा नसो, विचार टोचून ठेवलेला असतो.

टाचायला धातू लागतोच असं कुठं आहे? पळसाची पानं एकावर एक ठेवून बांबूच्या बारीक काडीनं टाचली की पत्रावळ होते. छत्तीसगडात लग्नकार्याला अजून दोना-पत्तल लागतात, आणि ते लावणाऱ्या बायकांचे हात बघण्यासारखे असतात. काडी पानातून एकदा खाली, एकदा वर, आणि उरलेला तुकडा कट्कन मोडायचा. एका पानाला जास्तीत जास्त दोन श्वास. धातूची टाचणी येण्याआधी जगभर हेच चालायचं, कुठं काडी तर कुठं काटा. फ्रेंच भाषेनं ती आठवण जपून ठेवली आहे. तिथं टाचणीला 'एपँग्ल' म्हणतात, आणि तो लॅटिनच्या 'छोटा काटा' या अर्थाच्या शब्दावरून आला.

रशियन लोकांना तीच वस्तू बघून काटा आठवला नाही. भिलाईचा कारखाना सोव्हिएत संघाच्या मदतीनं उभा राहिला. करार २ फेब्रुवारी १९५५चा, आणि पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केलं ते ४ फेब्रुवारी १९५९ला. रशियन तज्ज्ञ आणि त्यांची कुटुंबं इथं राहून गेली. त्यांच्या भाषेत टाचणीला 'बुलाव्का' म्हणतात. 'बुलावा' म्हणजे गदा, आणि बुलाव्का म्हणजे इवलीशी गदा. टाचणी डोकं वर करून बोटांत धरा, पटतं. इतकं पटतं की मला त्यानंतर टाचणी बघितली की भीम आठवतो. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंची पंडवानी, म्हणजे महाभारताचं गायन, ज्यांनी पाहिली आहे त्यांना तर जास्तच. त्यांच्या हातातला तंबोरा गाता गाता भीमाची गदा होतो, तशी ही गदा लहान होत होत टाचणी झाली म्हणायची. आणि महाभारताचं युद्ध तरी कशावरून पेटलं? सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन देणार नाही, असं दुर्योधन म्हणाला त्यावरून.

आता खुद्द पिन. जुन्या इंग्रजीत 'पिन' म्हणजे खुंटी, खीळ, लाकडाचा किंवा लोखंडाचा दांडा. कापडाची नाजूक टाचणी हा अर्थ पुढचा. हे पुस्तकात वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आमच्या घरात दोन्ही अर्थ एकाच वेळी वावरत होते. आईची पिन ब्लाउजाला लागायची आणि बाबांची पिन क्रेनला. "आज कपलिंगची पिन तुटली, दोन तास गेले," असं बाबा जेवताना सांगायचे, आणि लहानपणी मला कळायचं नाही की एवढ्याशा पिनेसाठी सगळी शिफ्ट का थांबावी. पुढं एकदा त्यांनी मनगटाएवढी जाड, तेलकट पिन दाखवली. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रजी अर्थ प्लांटमध्ये जसाच्या तसा जिवंत होता.

इंग्रजीतल्या 'लिंचपिन'मध्येही तोच जुना अर्थ आहे: चाक आसावरून निसटू नये म्हणून घातलेली खीळ. आपल्याकडे ही खीळ कैकेयीच्या गोष्टीत येते. लढाईत दशरथाच्या रथाची खीळ निसटली आणि तिनं तिथं आपलं बोट घातलं, अशी ती लोकांच्या तोंडची कथा. इंग्रजीत लिंचपिन म्हणजे ज्याच्यावर सगळं टिकून आहे असा माणूस. मराठीत मात्र कामाला खीळ बसली म्हणजे काम अडलं. वस्तू एकच, एकानं ती असण्याचा उपकार मानला, दुसऱ्यानं तिच्या अडकण्याचा राग धरला.

पिनच्याही मागे गेलं तर लॅटिन 'पिन्ना' लागते, असं शब्दांचे जाणकार सांगतात. पिन्ना म्हणजे पीस, टोक, शिखर. शिखराला इंग्रजीत 'पिनॅकल' म्हणतात ते त्यावरूनच. तिच्या अगदी शेजारी लॅटिन 'पेन्ना', म्हणजेही पीसच, आणि तिच्यापासून लिहायचं पेन. बोरू जसा गवताच्या काडीचा तसं युरोपातलं पेन पिसाचं. पेन्नाचं मूळ उडण्याच्या अर्थाच्या धातूत आहे, आणि संस्कृतात त्याच धातूची वंशावळ म्हणजे पतति आणि पत्र. पत्र म्हणजे आधी पंख, मग पान, मग ज्यावर लिहिलं ते. पेनानं पत्र लिहिताना आपण एका भावाच्या हातानं दुसऱ्या भावावर रेघोट्या ओढत असतो.

टाचणी बनते कशी हे सांगायला भिलाईचा माणूस जरा जास्त उत्साही असतो, त्याला इलाज नाही. आमच्याकडचं नाव रुळांचं, पण प्लांटमध्ये वायर रॉड मिलही आहे. तापून लाल झालेलं बिलेट, म्हणजे पोलादाचा लांब ठोकळा, रोलांच्या जोड्यांमधून पळतं आणि शेवटी करंगळीहून बारीक होऊन वेटोळं घालून पडतं. बाबा म्हणायचे, नागोबा बिळातून निघाल्यासारखं. साडेपाच मिलिमीटरच्या अशा कांबीपासून टाचणीची तार करायची तर ती थंड असताना एकाहून एक बारीक छिद्रांतून ओढत न्यायची. तार ०.६ मिलिमीटरवर आली की एक मीटर कांबीचे ८४ मीटर झालेले असतात. गणित सोपं आहे: लोखंड तेवढंच, जाडी जितकी घटेल तिच्या वर्गाच्या पटीत लांबी वाढते. या ८४ मीटरांत जवळजवळ तीन हजार टाचण्या निघतात.

तार ओढणं हे झालं निम्मं काम. उरलेल्या निम्म्यावर अर्थशास्त्रातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण उभं आहे. अॅडम स्मिथनं १७७६ साली 'वेल्थ ऑफ नेशन्स'च्या पहिल्याच प्रकरणात टाचण्यांचा कारखाना घेतला. एक जण तार ओढतो, दुसरा सरळ करतो, तिसरा कापतो, चौथा टोक काढतो, पाचवा वरचं टोक डोकं बसवण्यासाठी घासतो. डोकं बनवणं हेच दोन-तीन कामांचं. मग टाचण्या पांढऱ्या करणं, आणि त्या कागदात टोचून ठेवणं हाही एक स्वतंत्र धंदा. एकूण अठराएक कामं. स्मिथनं पाहिलेल्या एका लहानशा कारखान्यात दहा माणसं दिवसाला ४८ हजारांवर टाचण्या काढत होती. एकट्यानं सगळं करायचं तर दिवसाला वीस सुद्धा होणार नाहीत, असं तो म्हणतो. बँक ऑफ इंग्लंडनं २००७ साली २० पौंडांच्या नोटेवर स्मिथबरोबर हा टाचण्यांचा कारखानाही छापला.

डोकं बनवणं एवढं किचकट का, तर तेव्हा डोकं वेगळं असायचं. बारीक तारेचे दोन-तीन वेढे टाचणीच्या वरच्या टोकाभोवती गुंडाळायचे आणि ठोकून घट्ट करायचे. डोकं निसटायची भीती कायमची. तारेचंच टोक दाबून डोकं काढणारी यंत्रं एकोणिसाव्या शतकात आली, तेव्हा ही कटकट मिटली. आणि 'पांढऱ्या करणं' म्हणजे काय? टाचण्या पितळेच्या असत, त्यांना कथिलाचा मुलामा द्यायचा. आपल्या कल्हईचंच हे भावंड. पितळेची भांडी कल्हई करून घेतलेल्या घरात वेगळं समजावून सांगायला नको.

इतक्या हातांतून जाणारी वस्तू स्वस्त असणार नाही. इंग्रजीत बायकोला खासगी खर्चासाठी नवरा देतो त्या रकमेला 'पिन मनी' म्हणतात ते त्या काळापासून. मोठ्या घराण्यांत तर लग्नाच्या करारातच ही रक्कम लिहिलेली असे. आज तो शब्द किरकोळ, चिल्लर उत्पन्नाला वापरतात आणि त्यात थोडा हिणवण्याचा सूर असतो. मराठीत याला नेमका जोड आहे: चोळी-बांगडी. राजघराण्यातल्या स्त्रियांना चोळी-बांगडीसाठी गावं तोडून दिलेली असत. बांगडी आणि टाचणी या दोन्ही वस्तूंनी बाईच्या स्वतःच्या पैशाला नाव द्यावं, हा योगायोग मला भारी वाटतो. फरक इतकाच की आपल्याकडची नेमणूक अख्ख्या गावाच्या महसुलाएवढी असू शकायची, आणि तिला चिल्लर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

बांगडीवरून आठवलं. आईच्या बांगड्यांना कायम दोन-तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असायच्या. एक मोठी, एक मधली आणि एक अगदी चिमुकली, तिच्या डोक्याला हिरवट रंग चढलेला. भाजी चिरताना त्यांचा किण्‌किण् आवाज यायचा. चप्पल तुटो, चेन निसटो, हात आपोआप मनगटाकडे. ही पिन वॉल्टर हंट नावाच्या न्यूयॉर्कच्या माणसानं केली. १५ डॉलरचं देणं फेडायचं होतं; वीतभर तार वाकवता वाकवता एका टोकाला वेढा घालून त्याची स्प्रिंग केली आणि दुसऱ्या टोकाला टोप बसवला. १० एप्रिल १८४९ला पेटंट मिळालं आणि त्यानं सगळे हक्क ४०० डॉलरला विकून टाकले. सेफ्टी म्हणजे सुरक्षा ती बोटाची: टोक टोपीत गेलं की टोचत नाही. रशियन लोक तिला 'इंग्रजी बुलाव्का' म्हणतात. अमेरिकनानं केलेली, नाव इंग्रजांचं. शब्दांकडून न्यायाची अपेक्षा करू नये.

हंटच्याही दोन-अडीच हजार वर्षं आधी ग्रीक-रोमन लोक खांद्यावर वस्त्र अडकवायला असाच स्प्रिंगदार काटा वापरत. लॅटिनमध्ये त्याला 'फिब्युला' म्हणत. पोटरीतल्या दोन हाडांपैकी बारकं हाड मोठ्याला जोडून असं दिसतं की जणू काट्याची सुई, म्हणून त्याचंही नाव फिब्युला. प्लास्टर घालताना डॉक्टर "फिब्युला फ्रॅक्चर" म्हणाले की समजावं, पायातली सेफ्टी पिन वाकली.

आता सुईकडे वळू, कारण खरी नाती तिथंच निघतात.

शिवणे आणि इंग्रजी 'सो', म्हणजे शिवणे या अर्थाचा, हे दोन शब्द सख्खे चुलत भाऊ आहेत. संस्कृत सीव्यति, लॅटिन 'सुएरे', सगळे एकाच प्राचीन धातूचे. जखमेला टाके घालतात त्याला डॉक्टर 'सूचर' म्हणतात, तो त्याच लॅटिन शाखेचा. आणि आपल्याकडे त्याच कुळात जन्मलं सूत्र. म्हणजे मंगळसूत्र, पाणिनीची सूत्रं, सूत्रधार आणि ऑपरेशननंतरचे सूचर या सगळ्यांच्या पत्रिका एका घरच्या. नीडल आणि स्नायू हेही असेच. नीडलच्या मुळाशी कातणे, शिवणे असा अर्थ असलेला धातू आहे आणि स्नायूचं नातं भाषाशास्त्रज्ञ त्याच्याशीच जोडतात. आज आपण स्नायू म्हणजे मसल म्हणतो, पण संस्कृतात तो बांधून ठेवणारा तंतू. कापूस ठाऊक नव्हता तेव्हाचा दोरा कुठला? जनावराच्या पायातून ओढून काढलेला तंतू. सायबेरियातल्या गुहांमध्ये नेढं असलेल्या हाडांच्या सुया सापडल्या आहेत, चाळीस हजार वर्षांच्या आसपासच्या. त्यांतून ओवलं गेलं असेल ते बहुतेक हेच.

नेढं! हा शब्द मला फार आवडतो. सुईच्या भोकाला इंग्रजीत डोळा म्हणतात, हिंदीत नाका, आणि मराठीत नेढं. आणि मराठी माणूस एवढ्याशा शब्दाला डोंगरावर घेऊन गेला. राजगडाच्या सुवेळा माचीवर कातळाला आरपार भोक आहे, रतनगडाच्या माथ्यावरही आहे. दोन्हींना नेढंच म्हणतात. वाऱ्याचा दोरा त्यातून अखंड ओवला जात असतो. सपाट भिलाईत वाढलेल्या मला हे नेढं आधी सुईत भेटलं, आणि सह्याद्रीतलं बघायला वयाची तिशी उजाडली.

शिवणाच्या टाक्याला इंग्रजीत 'स्टिच' म्हणतात. त्याचा जुना अर्थ नुसता टोचा. त्याचा धातू धारदारपणाचा, आणि संस्कृतात त्याच धातूचं तिज्, ज्यापासून तीक्ष्ण आणि तेज. अंगुस्तान घालून शिवणारे म्हातारे शिंपी आता दिसत नाहीत, पण शब्द बघा: फारसीत अंगुश्त म्हणजे बोट, आणि आपला अंगुष्ठ त्याचाच भाऊबंद. इंग्रजी 'थिंबल' सुद्धा अंगठ्याच्याच शब्दावरून. शिवणाऱ्याचं दुखणं सगळीकडे एकाच जागी.

शिवणाऱ्याला काय म्हणायचं यावर मात्र एकमत नाही. टेलर हा फ्रेंचातल्या कापणे या क्रियापदावरून, तो कात्रीवाला. दर्जी फारसी 'दर्ज'वरून, म्हणजे शिवण, तो जोडणारा. आमच्याकडे तो शिंपी, आणि शिंप्यांमध्ये नामदेवांसारखा संत झाला. गुरुग्रंथसाहिबातल्या त्यांच्या पदांत गज, कात्री, सुई, दोरा असं दुकानच्या दुकान मांडलेलं आहे.

सुईबद्दलची आमच्या घरची दुसरी फजिती सांगायलाच हवी. छत्तीसगडीत सुईला सूजी म्हणतात. इंजेक्शनलाही सूजीच. हिंदीत सूजी म्हणजे रवा. कामाला येणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, पोराला ताप होता, डॉक्टरनं सूजी दिली. आई म्हणाली, "तापात रवा कशाला? पेज द्यायची." दोघी एकमेकींकडे बराच वेळ बघत राहिल्या. छत्तीसगडी सूजी ही संस्कृत सूचीची, आपल्या सुईइतकीच थेट वारसदार. उलट तिनं सूचीतल्या 'च'चा ठसा 'ज' करून का होईना जपला. मराठीनं तो गाळूनच टाकला.

पिनचा बाकीचा गोतावळा भराभर सांगते. शाळेतल्या मुलींचा पिनाफोर म्हणजे कपड्याच्या पुढे पिनेनं अडकवलेलं फडकं. 'ब्रोशर', माहितीपत्रक, हा फ्रेंचातल्या टाके घालण्यावरून आला. चार पानं टाचली की झालं ब्रोशर, म्हणजे आपल्या टाचणाचा सावत्र भाऊ. हेअरपिनला आपल्याकडे आकडा हा झकास शब्द होता, अंबाड्यात खुपसायचा तो. रस्त्याच्या वळणाला मात्र तो मिळाला नाही. बस्तरला जाताना केशकालच्या घाटात बारा वळणं लागतात आणि बसमधला प्रत्येक जण, मराठी असो की हलबी, त्यांना हेअरपिनच म्हणतो. वर्गातली 'पिन ड्रॉप सायलेन्स' मराठीत आली आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. ही पक्की उसनी आणलेली शांतता आहे. फुग्याला टाचणी लावणं मात्र आपलं आपल्याला जमलं.

आणि शेवटी पिनकोड.

आमची नागपूरची आजी महिन्याला एक अंतर्देशीय पाठवायची. १९७२ सालच्या १५ ऑगस्टपासून टपालखात्यानं पिनकोड सुरू केला, आणि पत्रावर पिन घाला असा प्रचार झाला. आजीनं पोस्टमनला विचारलं, "पिन घरची लावू का, की तुम्ही लावून देता?" हा किस्सा आमच्याकडे इतक्या वेळा सांगून झाला आहे की आता तो आजीपेक्षा जुना वाटतो. हसण्याचं कारण उघड आहे. पिनकोडमधली पिन ही टाचणी नव्हे. 'पोस्टल इंडेक्स नंबर' या तीन शब्दांची आद्याक्षरं. एटीएमची पिन ही आणखी तिसरीच, तीही आद्याक्षरांची.

पिनकोडची पद्धत ज्यांनी आखली ते मराठी गृहस्थ, श्रीराम भिकाजी वेलणकर, केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी. गावांची नावं सारखी, लिपी दहा प्रकारच्या, हस्ताक्षर ज्याचं त्याचं. आकडे मात्र सगळीकडे वाचता येतात. त्यांनी देशाचे आठ विभाग केले, नववा आकडा लष्कराला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा त्याच्या पोटविभागाचा, तिसरा टपाल वर्गवारीच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. चार हा आकडा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा. त्यामुळे नागपूर ४४०००१ आणि भिलाई ४९०००१. भिलाई ज्यात येते त्या दुर्ग जिल्ह्याची राजधानी १९५६पर्यंत नागपूरच होती, आणि त्याच्या शंभरेक वर्षं आधीपर्यंत इथं नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढं राज्यं दोनदा बदलली, पण टपालाच्या हिशेबात आई माहेराच्या आकड्यातून बाहेर पडलीच नाही.

वेलणकर नुसते अधिकारी नव्हते. ते संस्कृतचे मोठे पंडित आणि कवी. त्यांचं विलोमकाव्य सुलट वाचलं तर रामाचं आणि उलट वाचलं तर कृष्णाचं. आई कापड उलटून बघते तसे ते ओळी उलटून बघत असावेत. त्यांच्या पिनकडेही तसंच बघू. मधलं अक्षर इंडेक्सचं. इंडेक्स म्हणजे लॅटिनमध्ये तर्जनी, दाखवणारं बोट. संस्कृतात आणि मराठीत इंडेक्सला म्हणतात सूची. ग्रंथाच्या शेवटी असते ती, सूचिपर्णी वृक्षात असते ती. सूची म्हणजे आधी सुई. मग टोकानं दाखवणारी, खूण करणारी. मग याद्या आणि सूचना. पिनकोडात टाचणी नसली तरी सुई बरोबर मधोमध खोचलेली आहे, आणि आजी ती घरची लावू का असं विचारत होती.

रामाचा कृष्ण करणाऱ्या पंडिताला हे सुचलं नसेल असं मला काही वाटत नाही. सुचणं हा शब्दही त्याच सूचीच्या घरातला.